सीताफळाची राखण

शेळी सीताफळाच्या पाल्याला तोंड लावत नाही. सातपुड्यात ज्या उतारांवर गुराशेळ्यांनी बाकी सगळं खरवडून खाल्लेलं असतं, तिथेही सीताफळाची झुडपं हिरवीगार उभी दिसतात ती त्यामुळेच. नंदुरबार जिल्ह्याचा उत्तर भाग म्हणजे धडगाव (अक्राणी) आणि अक्कलकुवा हे डोंगरी तालुके, सुमारे ११५० मीटर उंचीवरचं तोरणमाळ आणि तिथून शहादा-तळोद्याकडे उतरणारे घाट. या पट्ट्यातली बहुतेक सीताफळं कोणी लावलेली नाहीत, ती आपली आपण पसरली आहेत. झाड मूळचं अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं. पोर्तुगीजांच्या काळात ते इकडे आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. पण मुरमाड, कोरड्या डोंगरांत ते इतकं रुळलं, की दौलताबादच्या किल्ल्याभोवती, सासवडच्या माळावर किंवा बीडच्या बालाघाटात ते परकं आहे असं कोणाच्या मनातही येत नाही.

या झाडाच्या पानांत, सालीत आणि विशेषतः बियांत ॲसिटोजेनिन गटातली विषारी द्रव्यं असतात. ती किड्याच्या पेशीत शिरली की ऊर्जा तयार करणारी साखळी पहिल्याच टप्प्यावर अडते आणि किडा मरतो. शेतकरी दशपर्णी अर्क करतात तेव्हा कडुनिंब, निर्गुडी, करंज, रुई, एरंड यांच्या जोडीला सीताफळाचा पालाही पिंपात टाकतात, तो याच गुणासाठी. बियांची पूड उवांवर लावायची जुनी चाल आहे. ती मात्र सोडलेलीच बरी, कारण पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते.

इतकं विष अंगी असलेल्या झाडाच्या फळांवर कीड पडते, फळं काळी पडून कुजतात, याचं नवल वाटणं साहजिक आहे. उत्तर फळाच्या रचनेतच आहे. झाडाने बंदोबस्त केला आहे तो पानांचा आणि बियांचा. गर त्याने दुसऱ्यांसाठी ठेवला आहे. पक्ष्यांनी, वटवाघळांनी, माकडांनी, माणसांनी तो खावा आणि बी दूर नेऊन टाकावं, ही त्यामागची योजना. शिवाय सीताफळ हे एक फळ नाही. एका फुलातल्या अनेक स्त्रीकेसरांची छोटी छोटी फळं एकमेकांना चिकटून ते बनतं. प्रत्येकाचा एक डोळा, आणि दोन डोळ्यांमध्ये एक खाच. सावलीची, ओलाव्याची, फवाऱ्याचं पाणी सहसा न पोचणारी ही खाच म्हणजे फळाचं मर्म. कीड शिरते ती इथूनच.

ऑगस्टच्या अखेरीला, फळ लिंबापेक्षा थोडं मोठं झालं असताना, ते हातात धरून खाचांत बारकाईने बघावं. पांढरं, पिठूळ काहीतरी साचलेलं दिसेल. गवताच्या काडीने ते उकरलं की पांढरे तंतू तुटतात आणि आत दोन-तीन मिलिमीटर लांबीचे, मऊ अंगाचे, गुलाबी किंवा पिवळसर किडे चिकटून बसलेले सापडतात. चिरडले तर बोटाला रंग लागतो. हाच पिठ्या ढेकूण. कृषी सेवा केंद्रात त्याला मिलीबग म्हणतात. सीताफळावर त्याच्या तीन-चार जाती येतात, पण शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्यांचा कारभार सारखाच. मादीला पंख नसतात. ती कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते आणि तिथेच संपते. अंड्यातून निघालेली पिल्लं धुळीच्या कणाएवढी असतात. ती वाऱ्याने उडतात, गुरांच्या अंगाला, छाटणीच्या कात्रीला, मजुराच्या कपड्यांना लागून दुसऱ्या झाडावर जातात. उबदार हवेत महिनाभरात पुढची पिढी तयार होते.

पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून फळाकडे वाहत असते, त्या नळ्यांत हा कीटक आपली सोंड खुपसतो. पान चावून खाणाऱ्या अळीच्या पोटात झाडाचं विष थेट जातं. याचं तसं नाही, हा रस पितो. त्यातून त्याला हवी असतात ती प्रथिनं, आणि रसात ती थोडीच असतात. म्हणून तो पुष्कळ रस ओढतो आणि नको असलेली साखर शरीरामागून थेंबाथेंबाने टाकत राहतो. हाच चिकटा. चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि फळ काजळी फासल्यासारखं होतं. आतला गर बऱ्याचदा उत्तम असतो, पण व्यापारी असं फळ हातात घेऊन बाजूला ठेवतो. डोंगरातून डोक्यावर टोपली घेऊन उतरलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोज त्या काळ्या थरात जातो.

फवारणीने हा जात का नाही? अंगावर मेणाचं पीठ आहे, त्यावरून पाणी घसरतं. त्यात तो खाचेत बसलेला, त्यामुळे औषध त्याच्यापर्यंत पोचायला आधी वाट हवी. अशा वेळी लोक औषध बदलतात, मात्रा वाढवतात. माझ्या मते नजर फळावरून काढून खोडावर आणावी, हे जास्त कामाचं. कारण खोडावरून मुंग्यांची रांग चाललेली असते.

मुंग्यांना चिकटा हवा असतो, आणि त्यासाठी त्या पिठ्या ढेकणांना दुभत्या गुरांसारखं राखतात. ढेकूण खायला आलेल्या छोट्या गांधीलमाश्यांना आणि भुंगेऱ्यांना हुसकावतात, पिल्लं उचलून ताज्या फुटव्यावर नेऊन ठेवतात, काही जाती त्यांच्यावर मातीचं छप्परही घालतात. मुंग्यांची ये-जा तुटली की ढेकूण उघड्यावर पडतो आणि त्याला खाणारे आपलं काम सुरू करतात. म्हणून झाडाचा घेर मोकळा करून जमिनीपासून हातभर उंचीवर खोडाला प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि तिच्यावर चिकट पदार्थ किंवा ग्रीस लावायचं. खोडाच्या भेगांतून खालून वाट राहू नये म्हणून पट्टीच्या कडा चिखलाने किंवा चिकटपट्टीने बंद करायच्या. ग्रीस थेट सालीला लावू नये, साल भाजते. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: जमिनीला टेकलेली एखादी फांदी किंवा खोडाला लागलेलं उंच गवत राहिलं, तर मुंगी तिथून चढते आणि पट्टी वाया जाते. त्यामुळे पट्टीआधी खालच्या फांद्यांची छाटणी आणि तणाची खुरपणी.

हे काम झाड झोपलेलं असताना करायचं. सीताफळ हिवाळ्याच्या शेवटी पानं गाळतं. जानेवारी-फेब्रुवारीत उघड्या फांद्यांवर सगळं स्पष्ट दिसतं: वाळलेली फळं, पोखरलेल्या काड्या, सालीच्या भेगांतली पांढरी पीठं. ते काढून जाळायचं, खोडाभोवतीची माती हलवून उन्हात तापू द्यायची. पावसाळ्यात फळ काळं पडल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

ढेकणाच्या शत्रूंमध्ये सगळ्यात नामांकित आहे तो क्रिप्टोलीमस माँट्रोझिएरी हा ऑस्ट्रेलियातला भुंगेरा. काळसर पंख, तांबूस डोकं, आकार मिरीच्या दाण्याएवढा. १८९१ मध्ये आल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञाने तो कॅलिफोर्नियात नेला आणि १८९८ मध्ये तो भारतात आला, कॉफीच्या मळ्यांतल्या खवले किडीसाठी. त्या कामात तो फारसा उपयोगी पडला नाही, पण पिठ्या ढेकणाचा मात्र काळ ठरला. पुढे १९९४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा बेटावर गुलाबी पिठ्या ढेकणाने जास्वंदीपासून फळझाडांपर्यंत सगळं खाल्लं, तेव्हा त्याच्यावर सोडायला भारतातून हे भुंगेरे पाठवले गेले.

या भुंगेऱ्याची अळी प्रत्येक शेतकऱ्याने एकदा तरी नीट पाहिली पाहिजे. तिच्या सर्वांगावर मेणाचे लांब पांढरे तंतू असतात, इतके की पहिल्या नजरेत ती मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. कीड वाढली असं समजून शेतकरी औषध मारतो आणि आपल्याच राखणदाराला मारतो. ओळख सोपी आहे. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी मात्र ढेकणांच्या घोळक्यातून धावते. बोट लावलं तर झटकन पुढे सरकते, आणि तिच्यामागे ढेकणांची रिकामी कातडी राहतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीत हेक्टरी १५०० भुंगेरे सोडायचे असतात, तेही संध्याकाळी आणि ढेकूण दिसू लागल्यावर. ढेकूण नसताना सोडले तर ते उडून जातात. आधी-नंतर काही दिवस जहाल कीटकनाशक मारलं तर पैसे गेले म्हणून समजा. त्याऐवजी लेकॅनिसिलियम लेकॅनी ही किडीवर वाढणारी बुरशी वापरता येते. लिटरला चार-पाच ग्रॅम, हवेत ओलावा असताना, ऊन उतरल्यावर. सप्टेंबरमधला सातपुडा तिला चांगला मानवतो.

परसात एखाद-दुसरंच झाड असेल तर यातलं काहीही विकत आणायची गरज नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने खाचा धुवाव्यात, साबणाचं पातळ पाणी मारावं, किडीने जास्त भरलेली फळं तोडून टाकावीत आणि मुंग्यांचा रस्ता बंद करावा. एवढ्यावर घरचं झाड निभावून नेता येतं.

शहादा तालुक्यातल्या पपईवाल्यांना पिठ्या ढेकणाची वेगळी ओळख सांगायला नको. पपईवर येणारा ढेकूण, पॅराकॉकस मार्जिनेटस, हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. भारतात तो २००८ मध्ये कोइमतूरला सापडला आणि दोन वर्षांत महाराष्ट्रापर्यंत पोचला. पपई, तुती, टॅपिओका, जास्वंद असं जे मिळेल ते तो खात होता. शेतकऱ्यांनी औषधांचे डबेच्या डबे रिकामे केले. मग २०१० मध्ये बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने प्युर्टो रिकोतून त्याच्या मूळ शत्रूंच्या तीन जाती आणल्या. त्यातली ॲसेरोफेगस पपाये ही डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी. ती ढेकणाच्या अंगातच अंडं घालते आणि तिचं पिल्लू ढेकणाला आतून खाऊन बाहेर पडतं. सोडल्यानंतर काही महिन्यांतच प्रादुर्भाव ओसरू लागला. ज्या शेतांत जहाल फवारण्या थांबल्या होत्या तिथे ती टिकली, हा त्यातला महत्त्वाचा भाग.

सीताफळाचा दुसरा शत्रू फळमाशी. हिची गोष्ट पूर्ण वेगळी आहे, कारण तिचं निम्मं आयुष्य जमिनीत जातं. पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली मादी सुईसारखं अंग खुपसून अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात आणि गर खाऊ लागतात. फळ बाहेरून ठीक दिसतं, आत पाणी सुटलेलं असतं. आठवडाभरात अळी पूर्ण वाढते, फळ गळतं, अळी उडी मारत मातीत शिरते आणि दोन-तीन इंच खोलीवर कोष करते. आठ-दहा दिवसांनी तिथून नवी माशी बाहेर येते. म्हणजे झाडाखाली सडत पडलेलं एक सीताफळ ही पुढच्या पंधरवड्यातल्या माश्यांची शिदोरी आहे. ते उचललं नाही तर झाडावर मारलेलं कुठलंच औषध पुरं पडत नाही.

गळलेली फळं रोज उचलायची आणि दोन फूट खोल खड्ड्यात पुरायची, किंवा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवायची. शेणखताच्या उकिरड्यावर टाकून चालत नाही, तिथे अळीला ऊब आणि माती दोन्ही मिळतात.

नर माशीला पकडण्याची युक्ती मात्र भारतातच सापडली. बिहारमधल्या पुसा येथील शेती संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ होते. डासांसाठी वापरलेल्या सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्या झेपावतात, आणि त्याही फक्त नर, हे त्यांनी १९१२ मध्ये नोंदवलं. पुढे १९१५ पर्यंत त्यांनी त्यामागचं द्रव्य शोधलं: मिथाइल युजेनॉल. आपल्या तुळशीतही ते असतं. आज बाजारात मिळणाऱ्या फळमाशी सापळ्यांत याच द्रव्याचा बोळा किंवा लाकडाचा तुकडा असतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंब्यासाठी तयार केलेला रक्षक सापळा महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे, आणि त्याची शिफारस हेक्टरी चार सापळ्यांची आहे.

सापळ्यात साचलेल्या शेकडो माश्या बघून समाधान वाटतं, पण हिशेब नीट समजून घ्यायला हवा. सापळ्यात येतात ते नर. अंडी घालते मादी, आणि एक नर अनेक माद्यांना पुरतो. त्यामुळे एका शेतकऱ्याने आपल्या एकरात सापळे लावले आणि शेजारच्या शिवारात लावले नाहीत, तर फलित माद्या शेजारून येतच राहतात. संपूर्ण पाड्याने, संपूर्ण उताराने एकाच वेळी सापळे टांगले, तेही फळ पक्व होण्याच्या महिनाभर आधी, म्हणजे पोळ्याच्या सुमारास, तरच नर इतके घटतात की माद्या फलित होणं अवघड जातं. सापळा सावलीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगावा, आणि पावसाने बोळा भिजला तर बदलावा.

आता सड. पावसाळ्याच्या शेवटी झाडाकडे पाहिलं की हिरव्या फळांत काही छोटी, काळपट तपकिरी, दगडासारखी टणक फळं लटकलेली दिसतात. ती वाढत नाहीत आणि गळतही नाहीत, पुढच्या वर्षापर्यंत तशीच राहतात. काही फळं झाडाला पोसता येत नाहीत म्हणून सुकतात, काहींना बुरशी मारते. कारण कोणतंही असो, परिणाम सारखा. त्या वाळलेल्या कवचात कोलेटोट्रिकम आणि लॅसिओडिप्लोडिया या बुरशींची बीजाणूंची कोठारं तयार होतात. पावसाचा थेंब त्यावर पडला की बीजाणू उडतात आणि खालच्या फळाच्या खाचेत उतरतात. परतीचा पाऊस लांबला, फळ फुगून तडकलं, ढेकणाने किंवा माशीने भोक पाडलेलं असलं, की काळा डाग पसरत जातो आणि तीन-चार दिवसांत अर्धं फळ जातं.

म्हणून ही दगडी फळं झाडावर ठेवणं मला सगळ्यात मोठी चूक वाटते. पिकाच्या नावावर ती मोजता येत नाहीत, व्यापारी घेत नाही, तरी लोक ती काढत नाहीत, कारण त्यांच्यापासून थेट नुकसान दिसत नाही. बुरशीनाशक मारण्याआधी हा साठा झाडावरून उतरवायला हवा.

सफरचंदाच्या मुलखातही हाच धडा मोठी किंमत मोजून शिकावा लागला. काश्मीरमध्ये १९७३ मध्ये खपली रोगाची मोठी साथ आली. त्या रोगाची बुरशी हिवाळा काढते ती झाडावर नव्हे, बागेत गळून पडलेल्या पानांत. वसंतात पाऊस आला की त्या पानांतून बीजाणू उडतात. तिथल्या बागायतदारांना पानगळीच्या वेळी झाडावर आणि जमिनीवरच्या पाल्यावर ५ टक्के युरिया फवारायला सांगतात. पाला लवकर कुजतो आणि बुरशीला आसरा राहत नाही. सफरचंदाला हिवाळ्यात शेकडो तासांची थंडी लागते, त्यामुळे नंदुरबारात ते पिकावं अशी अपेक्षा नाही. पण राखणीचं शास्त्र झाडाच्या जातीने बदलत नाही.

फवारणीची गरज पडते तेव्हा सडीवर अजूनही सर्वांत भरवशाचं औषध घरी करता येतं: बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं चोरांनी खाऊ नयेत म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्याच वेलींवर केवडा रोग पडत नाही हे पिएर मिलार्दे यांच्या १८८२ मध्ये लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी त्याचं शास्त्र मांडलं. एक टक्का मिश्रणासाठी एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि शंभर लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचं. लोखंडी भांडं अजिबात नको. दुसऱ्या भांड्यात चुना विरवून, गाळून पन्नास लिटरचं निवळ पाणी करायचं. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत, काठीने ढवळत जायचं. आकाशी निळा रंग आला की एक खिळा किंवा चाकूचं पातं त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, ते पानं आणि कोवळी फळं भाजून काढेल. अशा वेळी थोडी चुन्याची निवळी वाढवून पुन्हा पातं बुडवायचं. पातं स्वच्छ निघालं की मिश्रण तयार. हे त्याच दिवशी वापरायचं, उद्यावर ठेवलं तर कण तळाला बसतात आणि गुण जातो.

पहिली फवारणी छाटणीनंतर उघड्या फांद्यांवर, आणि खोडाला दहा टक्क्यांची बोर्डो पेस्ट. पुढची पाऊस स्थिरावल्यावर, फळं सुपारीएवढी असताना. मध्ये एक काळ असा आहे की काहीही फवारायचं नाही: फुलोरा. सीताफळाच्या फुलात आधी स्त्रीभाग तयार होतो आणि नंतर परागकण सुटतात, त्यामुळे फूल स्वतःच स्वतःला फलित करू शकत नाही. परागकण नेतात ते दोन-तीन मिलिमीटरचे तपकिरी भुंगे, फुलाच्या जाड पाकळ्यांत शिरणारे. एप्रिल ते जूनमध्ये कीटकनाशक मारणारा शेतकरी आपलं पुढचं पीक त्याच दिवशी कमी करून ठेवतो. कोणतंही विकतचं औषध घेताना डब्यावर सीताफळाचं नाव आहे का ते बघावं. नसेल तर नंदुरबारजवळच्या कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून मगच पुढे जावं.

हे सगळं लावलेल्या बागेला लागू पडतं. तोरणमाळ-धडगावच्या उतारांवरच्या झाडांना मात्र कोणी खोडपट्ट्या बांधत नाही, आणि तिथे फवारा मारूही नये. त्या उतारांवर गुरं चरतात, ओढ्यांचं पाणी खाली पाड्यांत प्यायलं जातं. तिथली राखण तोडणीतूनच होऊ शकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर लोकांचा सामूहिक हक्क मान्य केला आहे आणि हा भाग आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याखाली येतो, त्यामुळे तोडणी कधी सुरू करायची हे ग्रामसभा ठरवू शकते. तारीख ठरलेली नसेल तर दुसरा नेईल या धास्तीने फळ कच्चंच तोडलं जातं. कच्चं तोडलेलं फळ पिकत नाही, नुसतं काळं पडतं. बाजारात सातपुड्याच्या सीताफळाचं नाव खराब होतं ते यामुळे.

तोडणीची खूण म्हणजे डोळे उघडणं. डोळ्यांमधल्या खाचा रुंदावतात आणि त्यांत हिरव्याऐवजी पिवळसर पांढरा रंग दिसू लागतो. त्या वेळी देठाचा छोटा तुकडा ठेवून फळ कापावं, ओढून तोडू नये, कारण देठाच्या जखमेतूनच सड आत जाते. टोपलीत खाली पाला, फळांचे दोनच थर. मग तीन ते पाच दिवसांत फळ पिकतं. हे दिवस वाढवायला शीतगृह कामाचं नाही. सुमारे बारा अंशांच्या खाली सीताफळाची साल काळी पडते आणि गर नीट पिकत नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत माल एकदम येतो आणि भाव कोसळतो, त्यामागे हीच अडचण आहे.

म्हणून गर काढून ठेवणं. तोही उकळून टिकवता येत नाही, ६५ अंशांच्या वर तापवला की कडवट होतो. त्यामुळे बिया अलग करून, बी न फोडता, गर उणे अठरा अंशांखाली गोठवतात आणि तो आइस्क्रीमवाल्यांकडे, रबडीवाल्यांकडे जातो. काजळीने काळवंडलेलं, टोपलीतून बाजूला काढलेलं पण आतून निरोगी फळ इथे पूर्ण किमतीचं असतं. मात्र अळीचं एकही फळ त्यात जाता कामा नये. त्यामुळे निवड करणाऱ्या बाईने प्रत्येक फळ हातात फिरवून बघायचं, सुईच्या टोकाएवढं भोक आणि भोवती ओला, मऊ डाग दिसला की ते वेगळ्या बादलीत टाकायचं, आणि ती बादली त्याच संध्याकाळी खड्ड्यात रिकामी करायची.